आषाढाचा वारा आणि डावा खुबा

गेल्या आठवड्यापासून वारा सुटलाय. मैसूरला आषाढ लागला हे बघायला पंचांग उघडावं लागत नाही. पाऊस म्हणाल तर नावापुरता, अंगावर भुरभुरून जातो. पण वारा असा की अग्रहारातल्या आमच्या गल्लीतली एकूण एक खिडकी आपटते, दोरीवरचं पातळ शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन पडतं आणि देवळात निघालेल्या बायका एका हातानं ताट, एका हातानं पदर सांभाळत तिरक्या तिरक्या चालतात. इथं त्याला ‘आषाढद गाळी’ म्हणतात, आषाढातला वारा. आम्हीही तेच म्हणतो. चार पिढ्या या गावात काढल्यावर वाऱ्यासाठी वेगळं मराठी नाव कुठून आणायचं?

यंदा तो मला खिडकीच्या आधी खुब्यात कळला. डाव्या. तिथं आता माझं स्वतःचं हाड नाही, धातूचा गोळा आणि त्याची वाटी आहे. डॉक्टर म्हणतात, धातूला थंडी वाजत नाही. नसेल वाजत. ती भोवतालच्या मांसाला वाजते, आणि मांस अजून माझंच आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकायच्या आधी मी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं नुसती बसून राहते. वर्ष झालं. ‘अजून दुखतं?’ असं लोक विचारतात ना, तेव्हा त्यांच्या आवाजात जरा संशय असतो. एक्स-रेच्या फोटोत सगळं जागच्या जागी आहे, टाके केव्हाच सुकले, मग या बाईचं दुखतंय तरी काय, असा.

दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता होता. शून्यापासून दहापर्यंत आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक चेहरा, हसण्यापासून रडण्यापर्यंत. किती दुखतंय त्याचा नंबर सांगा, असं सिस्टर दिवसातून तीनदा विचारायच्या. मी चिडायचे. दुखण्याला नंबर कसला? ठणका वेगळा, कळ वेगळी. ठणका ठाण मांडून बसतो, कळ येते नि जाते. चमक निघते ती कुशीवर वळताना. रग लागते ती मांडीत, ओट्याशी उभं राहून भाजी चिरली की. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक असतो त्याला आम्ही घरात कानडीतलाच शब्द वापरतो, ‘सेळेत’. आतून कुणीतरी शीर चिमटीत धरून हळूहळू ओढतंय, असं वाटणं. वर्षभरात ठणका गेला, कळा गेल्या, चमक क्वचित येते. सेळेत राहिलाय. तो जायचा नाही असं आता मी धरून चालले आहे.

मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे बूट, साडी पोटरीवर खोचलेली. माझा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, माइक लागत नसे, आणि याचा मला भारी अभिमान होता. लग्न केलं नाही. वडिलांनी, अण्णांनी बांधलेल्या या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरात राहिले. तेवीस वर्षांपूर्वी अक्का माझ्याकडे आली. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला बन्नूरला दिली होती. यजमान गेले, पुढे मुलाचं, श्रीधरचं लग्न झालं, तेव्हा नव्या जोडप्याला जरा मोकळीक मिळावी म्हणून ती दोन महिन्यांसाठी मैसूरला आली आणि राहिली ती राहिलीच. बन्नूर कितीसं लांब? तासाभराची बस. पण तिला परत जा असं कुणी म्हटलं नाही आणि मी तर मुळीच म्हटलं नसतं.

कारण आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझी आई झाली ती अक्काच. आषाढातल्या शुक्रवारी इथल्या बायका चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढतात, आणि नवस असेल तर प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढतात. हजार पायऱ्या. प्रत्येक पायरीला वाकायचं, बोट टेकवायचं, उठायचं. आई गेली त्या वर्षी अक्कानं तो नवस फेडला. कुणाचा, कशासाठी, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अर्ध्या वाटेत मी भोकाड पसरलं, पाय दुखतात म्हणून. आठव्या वर्षात असलेली घोडी मी! अक्कानं काही न बोलता मला कडेवर घेतलं आणि तशीच वाकत-उठत वर गेली. वारा असाच होता. तिचं कुंकू उडून माझ्या तोंडात जात होतं. तिच्या खुब्याचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनात यायला मला स्वतःचा खुबा बदलून घ्यावा लागला.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी आषाढातली. अक्का म्हणाली, श्रावणावर ढकल. आषाढात कुणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, नवीन काही अंगाला लावत नाही, आणि तू हाड बदलतेस? शेजारच्या कानडी बायकांनीही तेच सांगितलं. मी सगळ्यांना उडवून लावलं. हाडाला महिना कळत नाही, म्हटलं. आणि खरंच, ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले, तिसऱ्या दिवशी वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेले. शेजारच्या खाटेवरच्या बाई कुबड काढून चालत होत्या, त्यांना पाठ ताठ ठेवायला सांगितलं. असा माझा तोरा होता.

घरी सोडताना त्यांनी नियमांचा कागद दिला. नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नाही. खाली मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, बुटकी खुर्ची नको, पायावर पाय नको, पाऊल आत वळवायचं नाही. मी तो पाठ केला. नियम पाठ करणं आणि करवून घेणं यातच माझा जन्म गेला होता. टॅक्सीत मी ड्रायव्हरलाही ते म्हणून दाखवले, म्हणजे खड्डे कसे चुकवायचे ते त्याला कळावं.

आमच्या घरात एक रीत आहे. बाहेरगावी जाताना आणि परत आल्यावर वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. आधी पाया पडायचं, मग चप्पल जागेवर, मग पाणी. देवाधर्माचं मी फार काही केलं नाही, उपासतापास शाळेच्या मैदानावरच सुटले, पण ही रीत कधी चुकवली नाही. स्पर्धांना मुलींना घेऊन गेले की जाताना आणि आल्यावर अक्काच्या पाया पडायचे, अगदी चार दिवसांसाठी गेले तरी. त्यात भक्ती वगैरे किती होती, सांगता येत नाही. तिची पावलं समोर दिसली की कंबर आपोआप वाकायची.

दाराशी अक्का कुंकवाचं पाणी घेऊन उभी होती. मला ओवाळलं, पाणी बाहेर टाकलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मी वॉकर उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला, चांगला पाय आत, मग दुखरा. सगळं कागदाप्रमाणे. मान खाली घातली ती वॉकरचे पाय बघायला, तर समोर तिची पावलं. सहा दिवस मी घराबाहेर होते. एक हात वॉकरवरून सुटला आणि मी वाकले.

आवाज झाला. लाकडी दाराची आगळ निसटावी तसा, बोदा आणि एकच. तो मी ऐकला आणि तिनंही ऐकला. मग मी उंबऱ्यात आडवी होते, डावा पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि माझ्या तोंडून जे निघत होतं त्याला रडणं म्हणता येणार नाही. टॅक्सीवाला अजून गल्लीतच होता म्हणून बरं. अक्का माझ्या उशाशी बसली होती आणि एकच विचारत होती, मी काय केलं, मी काय केलं. तिनं काय केलं होतं? ती उभी होती फक्त.

भूल देऊन त्यांनी सांधा परत बसवला. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचाही संयम सुटला होता. यापुढे कुणाच्या पाया पडायचं नाही, साक्षात चामुंडेश्वरी आली तरी, असं त्यांनी कानडीत बजावलं. एकदा निसटलेला सांधा पुन्हा निसटू शकतो. स्नायूंना इजा झालीय, ते भरून यायला वेळ लागेल. सहा आठवडे कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा, झोपताना दोन पायांच्या मध्ये तिकोनी उशी, आणि कुशीवर वळायचं नाही.

उताणं पडून छताकडे बघत राहणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आमच्या छताला सागवानी तुळया आहेत, अकरा. त्यांतल्या चौथीला चीर आहे. पाठ जळायची, टाचा जळायच्या. पोटात रक्त पातळ करायची सुई, तिचे निळे डाग. परकर घालायचा तर दुसऱ्यानं पायांतून चढवायचा. नखं कापायची तर दुसऱ्यानं. ते दुसरं माणूस कोण, तर एकोणऐंशी वर्षांची माझी बहीण. ती पायथ्याशी स्टुलावर बसून चष्मा पुसून पुसून माझी नखं कापायची, आणि मी वरून सूचना द्यायचे. एवढी खोल नको. आधी अंगठ्याचं. कात्री सरळ धर. भांडं आणायचं, द्यायचं, न्यायचं, धुवायचं, तेही तीच. मी बाई ठेवू म्हटलं की म्हणायची, सुम्ने रहा गं, मी आहे ना. ‘सुम्ने’ म्हणजे उगी, गप्प. तिच्या मराठीत अर्धी कानडी आणि आमच्या सगळ्यांच्याच.

त्या दुपारी वारा फार होता. तीन दिवस माझं पोट साफ झालं नव्हतं, दोन दिवस नीट डोळा लागला नव्हता, पट्ट्याखालची कातडी सोलली होती. अक्का भांडं सरकवत होती तेवढ्यात मागची खिडकी धाडकन आपटली, ती दचकली आणि सगळं अंथरुणावर सांडलं. कापूस, पट्टा, चादर, सगळं. ओल पाठीखाली शिरली. आणि मी बोलले. माझ्या मैदानावरच्या आवाजात बोलले.

“तुझ्या पायांनीच मला असं लोळवलंय. ते पाय पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस.”

अक्कानं खाली आपल्या पावलांकडे पाहिलं. मला वाटलं ती काही बोलेल, उलट बोलेल, निदान रडेल. तिनं कोमट पाणी आणलं, मला पुसलं, चादर बदलली. पट्टा वाऱ्याला टाकला. मग स्वयंपाकघरात गेली आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

दुखणं माणसाला शहाणं करतं असं ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांचं काही फारसं दुखलं नसावं. मला त्यानं हलकट केलं. आणि मी काही दुखण्याच्या भरात शुद्ध हरपून बोलले नाही, हे इथं लिहायला हवं. वाक्य तोंडातून निघायच्या आधी मला पूर्ण दिसलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द कुठं लागणार हे मला माहीत होतं. तरी सोडलं. आणि सोडल्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं. दुखऱ्या जागेवरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. त्या बरं वाटण्याची लाज मला आजही वाटते, बोलण्यापेक्षा जास्त.

चार दिवसांनी अक्कानं श्रीधरला फोन करून बोलावून घेतलं. त्याआधी तिनं एक बाई ठरवली, तिला माझं सगळं दाखवलं, गोळ्यांच्या डब्यांवर सकाळ, दुपार, रात्र अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. निघताना खोलीच्या दारापर्यंतच आली. आत आली नाही. चार दिवस जाऊन येते, म्हणाली. मी ‘जा’ म्हटलं. भिंतीकडे तोंड करता येत नव्हतं म्हणून डोळे मिटून घेतले. गौरीला येईलच की, असं मनाशी म्हटलं.

गौर आली नि गेली. अक्का आली नाही. दसरा आला, गावभर दिवे लागले, बँडचे आवाज खिडकीतून येत राहिले. शाळेत असताना दसऱ्याच्या कवायतीसाठी मी मुलींना महिनाभर उन्हात घोटून घ्यायचे. त्या दसऱ्याला मी खाट ते दार एवढी कवायत करत होते. फिजिओथेरपीला शोभा नावाची बाई यायची, पन्नाशीची, मेटगळ्ळीहून दोन बस बदलून. ‘निधान, मेडम, निधान,’ म्हणायची, हळू, हळू. मला हळू जमत नव्हतं. खाट ते दार चौदा पावलं. दार ते मागची तुळस सव्वीस. माझं एकच ठरलं होतं. आपल्या पायांनी बन्नूरला जायचं, अक्कासमोर उभं राहायचं, चुकलं म्हणायचं आणि तिला घरी आणायचं.

फोन होता. रोज व्हायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बाई नीट करते का. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत ‘चुकलं’ म्हणायला काय लागलं असतं? पण फोनवर नको, समोर जाऊन, असं मी स्वतःला सांगत राहिले. उताणं पडून काय क्षमा मागायची! आता वाटतं, मला त्यातही परेडच करायची होती. बघ, मी उभी राहिले, चालत आले, आता मला माफ कर.

आणि पाय काही केल्या माझं ऐकेना. बरं होणं म्हणजे रोज एकेक पायरी वर, असं मला वाटायचं. तसं नसतं. पौषात मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि पुढचे दहा दिवस मांडी अशी भरून आली की पुन्हा वॉकर. पुन्हा फोटो. फोटोत सगळं ठीक. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड वाटतो म्हटलं तर डॉक्टर फूटपट्टीनं मोजून म्हणाले, आहे, थोडा आहे. कोपऱ्यावरच्या चांभारानं डाव्या चपलेला अर्धा इंच रबर चढवून दिलं. तेव्हापासून माझ्या चालण्याचे दोन वेगवेगळे आवाज येतात, आणि घरात मला एकटीलाच ते ऐकू येतात.

फाल्गुनात काठीवर आले. भाजी घ्यायला गेले असताना एका बाईनं मला ओळखलं. केस पांढरे व्हायला लागलेली, माझी जुनी विद्यार्थिनी. मिस, मिस करत आली, काठी बघून हळहळली, माझी पिशवी घेतली. मग हसत हसत म्हणाली, आम्ही किती घाबरायचो मिस तुम्हाला, तुमच्या बुटांचा आवाज आला की पाण्याच्या टाकीमागे लपायचो, माझ्या स्वप्नात अजून तुमची शिट्टी येते. मीही हसले. घरी येईपर्यंत मला छान वाटत होतं. बाईंना मुली घाबरायच्या म्हणजे बाईंना मान होता, असंच मी आयुष्यभर समजत आले होते.

तर गेल्या आठवड्यात वारा सुटला आणि मी ठरवलं, आता जायचंच. कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर श्रीधर गाडी घेऊन आला असता, आणि मला चालत जायचं होतं. बसची पायरी उंच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, शोभानं शिकवलेलं. कंडक्टर म्हणाला, निधान हत्ति अज्जी, सावकाश चढा आजी. अज्जी! एरवी मी त्याला चांगला झाडला असता. त्या दिवशी दांडा धरायलाच दोन्ही हात कमी पडत होते. बैठक बुटकी पडते म्हणून घरून उशी नेली होती, ती खाली घेतली. बाहेर उसाचे मळे, कालव्याचं पाणी सुटलेलं, भाताच्या रोपांचे हिरवे चौकोन वाऱ्यानं एकाच बाजूला कललेले. मी मनात वाक्यं जुळवत होते. तासभर जुळवत होते.

स्टँडपासून श्रीधरचं घर तीनशे चाळीस पावलं. वळण घेतलं तेव्हा आधी हसणं ऐकू आलं. घराच्या ओट्यावर अक्का खाटेवर बसली होती, मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती, आणि श्रीधरची बायको सविता उंबऱ्यात बसून तिला काहीतरी सांगत होती. अक्का हसत होती. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, खांदे हलवत. मी तिथंच थांबले. अक्काला असं हसताना मी शेवटचं केव्हा पाहिलं होतं ते मला आठवेना. अंगानंही भरली होती. चेहरा उजळला होता.

मग तिनं मला पाहिलं. हसणं थांबलं. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि ती ताठ बसली. मैदानावर मी दिसले की मुली बसायच्या तशी.

सवितानं धावत येऊन हात धरला, खुर्ची आणली, उंच हवी म्हणून वर दोन उशा ठेवल्या. चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघीच उरलो. जुळवलेली वाक्यं सगळी वाऱ्यावर गेली.

“अक्का, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं,” मी म्हटलं. “फार चुकलं. घरी चल.”

अक्कानं सूप परत मांडीवर घेतलं. एक खडा काढला, कठड्यावर ठेवला.

“ते मी त्याच दिवशी सोडून दिलं गं,” ती म्हणाली. “तू कळवळत होतीस, मला कळत नाही का? माफ कसलं करायचं.”

“मग चल.”

तिनं आणखी दोन खडे काढून कठड्यावर ठेवले. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात बोलली, जणू तांदळाबद्दलच काही सांगत होती.

“मला तुझी भीती वाटते, इंदू. त्या दिवसापासून नाही, पहिल्यापासून. तुझ्या घरात बावीस वर्षं मी डबा उघडतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं. इथं येऊन कळलं, नसतं.”

तुझ्या घरात, म्हणाली. ते घर आमच्या अण्णांनी बांधलेलं आहे, तिच्याही अण्णांनी. मला ते सांगायचं होतं. मला पुष्कळ सांगायचं होतं, की मी कधी हात उगारला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही, तुझ्यावाचून घर खायला उठतं. सगळं खरं होतं. पण बोलायला तोंड उघडायचं म्हणजे माझा आवाज बाहेर येणार, आणि या आवाजातच तर सगळं होतं. ज्या पायांवर मी इतकी वर्षं डोकं ठेवलं ते माझ्या घरात चवड्यांवर चालत होते, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही म्हणूनच मला वाटत होतं की घरात सगळं शांत आहे. मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा अक्कासमोर मी गप्प बसले, आणि ती तांदूळ निवडत राहिली.

जेवलो. सवितानं मला टेबलाशी बसवलं, अक्कानं माझ्या ताटात तूप वाढलं, नेहमीएवढंच. दुखतंय का अजून, असं विचारलं. वारा सुटला की दुखतं, मी म्हटलं. तिनं मान डोलावली. तिच्याही गुडघ्यांत येतं म्हणाली. श्रीधर शेतावरून आला, मावशी आधी सांगायचं ना, म्हणाला, गाडीनं सोडतो म्हणाला. मी बसनं जाईन म्हटलं, आणि ते जरा हळू म्हटलं.

अक्का फाटकापर्यंत आली. श्रीधर माझी उशी घेऊन पुढे गेला होता. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो आणि दोघींच्या मध्ये काठी होती. आयुष्यात मी कुणाला काही विचारून केलेलं नाही. शाळेत नाही, घरात नाही, ऑपरेशनसुद्धा नाही. मी अक्काला विचारलं, पुन्हा येऊ का.

“ये की,” अक्का म्हणाली. “फक्त आधी फोन करून ये.”